किट कारच्या चासीवर फायबरग्लासचे पॅनल बसवणे आणि जुळवणे

फायबरग्लासचे पॅनल साच्यातून बाहेर आले म्हणजे त्याचा आकार पक्का झाला, असे धरून जो कामाला लागतो त्याची पुढची सगळी मापे चुकत जातात. पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे काचेचे धागे बांधून ठेवणारा चिकट द्रव, घट्ट होताना आकारमानाने सुमारे ५ ते ८ टक्के आकसते. आतल्या काचेच्या धाग्यांमुळे हे आकसणे पॅनलच्या लांबी-रुंदीत तेवढे उतरत नाही, पण कोपरे थोडे आत वळतात, सपाट भाग किंचित खोलगट होतात आणि लांब कडा पिळल्यासारख्या होतात. शिवाय हाताने थर देऊन केलेल्या दोन दारांची जाडी कधीच तंतोतंत सारखी नसते. कारखान्यातल्या पत्र्याच्या गाडीची सगळी दारे एकाच डायमधून दाबून काढलेली असतात, म्हणून तिथे बिजागरी सैल करून दार थोडे सरकवले की बहुतेक काम भागते. किट कारमध्ये, म्हणजे चासी, इंजिन आणि फायबरचे सुटे भाग आणून आपल्याच शेडमध्ये जोडायच्या गाडीत, प्रत्येक पॅनल त्या एका गाडीपुरते घडवावे लागते.

या कामात एक नियम बाकी सगळ्यांच्या वरचा आहे. बोल्टाने पॅनल जागेवर धरावे, ओढून जागेवर आणू नये. चार मिलिमीटर दूर राहिलेली कड बोल्ट आवळून चासीला टेकवता येते आणि त्या दिवशी ती छानही दिसते. पण तो ताण पॅनलमध्ये कायम राहतो, बोल्टाभोवती जेलकोटला, म्हणजे पॅनलच्या बाहेरच्या गुळगुळीत रेझिनच्या थराला, चांदणीच्या आकाराच्या बारीक भेगा पडतात, आणि एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात रेझिन थोडे मऊ झाले की ते पॅनल ताणाच्या दिशेने हळूहळू सरकते व शेजारच्या पॅनलशी असलेल्या फटी बदलतात. पुढे जे काही सांगितले आहे ते बहुतांशी हा नियम पाळण्यासाठीच आहे.

फायबरग्लास आणि मोटारगाडी यांचा संबंध जुना आहे. शेव्हरोलेची कॉर्व्हेट १९५३ साली फायबरग्लासच्या अंगासह (बॉडीसह) बाजारात आली, आणि १९६४ साली कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स यांनी ‘मेयर्स मँक्स’ ही बग्गी तयार केली, तेव्हा त्यांच्या गाठीला होड्या बांधण्याचा अनुभव होता. कोकणात हा धागा फार उपयोगी पडतो. मिरकरवाडा, हर्णै, देवगड, मालवण अशा बंदरांच्या आसपास फायबरच्या होड्या बांधणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर आहेत. रेझिन, मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारा द्रव) यांवर त्यांचा हात बसलेला असतो, आणि चांगले रेझिन कुठे ताजे मिळते हेही त्यांनाच ठाऊक असते. त्यांची मदत जरूर घ्यावी, पण एक गोष्ट लक्षात ठेवून. होडीच्या अंगाला दार नसते, त्यामुळे दोन कडांमधली फट एकसारखी राखण्याची सवय त्या कामात लागत नाही. ती सवय असते गावातल्या चांगल्या सुताराला, जो पावसाळ्यात लाकूड फुगणार हे धरून चौकटीत दाराला जागा सोडतो. थर द्यायला होडीवाला आणि फटी बघायला सुतार, अशी जोडी मिळाली तर गाडीचे भाग्य समजावे.

काम सुरू करण्याआधी कायद्याची बाजू पाहून घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनात असे बदल करता येत नाहीत, ज्यांमुळे नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल. जुन्या गाडीच्या चासीवर नवे अंग चढवून ती रस्त्यावर आणायचा विचार असेल, तर पॅनल विकत घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करावी. स्वतःच्या बागेत किंवा खासगी जागेत चालवायची गाडी असेल तर प्रश्न सोपा होतो.

कोकणात हंगामाचा विचार केल्याशिवाय फायबरचे वेळापत्रक ठरवता येत नाही. जून ते सप्टेंबर या काळात हवेतला ओलावा इतका असतो की काचेची मॅट दमट होते, थर पांढुरके पडतात, रेझिनचा वरचा पापुद्रा दिवसेंदिवस चिकट राहतो आणि थरांमधली पकड कमी होते. म्हणून नवे थर देण्याची, कडा वाढवण्याची आणि मागून बरगड्या (कडकपणासाठीच्या उभार पट्ट्या) घालण्याची कामे नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये, सकाळचे दव उडून गेल्यावर करावीत. पावसाळ्यात चासीची वेल्डिंगची व रंगाची कामे, ब्रॅकेट बनवणे आणि पॅनल नुसती ठेवून फटींचा अंदाज घेणे हे आरामात होते. मॅटची गुंडाळी प्लॅस्टिकमध्ये बंद करून जमिनीपासून वर ठेवावी. याला एक अपवाद आहे. पॅनल चिकटवण्यासाठी वापरले जाणारे पॉलियुरेथेन हे हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होते, त्यामुळे ते दमट हवेत लवकर कातडी धरते. चिकटवायचा पृष्ठभाग मात्र पूर्ण कोरडा हवा.

पॅनल घरी आल्यावर ती भिंतीला तिरपी टेकवून ठेवण्याची चूक अनेक जण करतात. कोवळे फायबर स्वतःच्या वजनाने वाकते आणि तसेच घट्ट होते. बॉनेट आणि दारे सपाट फळीवर, सर्व बाजूंनी आधार देऊन ठेवावीत, आणि शक्य असेल तर मुख्य अंग चासीवर सैल बसवून काही दिवस उन्हाची ऊब लागेल असे राहू द्यावे. या उबेने रेझिनचे उरलेसुरले घट्ट होणे पूर्ण होते व जे आकसायचे ते रंगानंतर न आकसता आत्ताच आकसते. साच्यातून येताना पॅनलवर मेणाचा थर असतो, म्हणून पॉलिश पेपर लावण्याआधी पॅनल साबणाच्या पाण्याने आणि मग मेण काढणाऱ्या द्रवाने स्वच्छ पुसावे. आधी घासले तर ते मेण ओरखड्यांत शिरते आणि पुढे रंग तिथे धरत नाही.

आता चासी. चासी भक्कम चार स्टँडवर ठेवावी आणि ती दोन्ही दिशांनी समतल करावी. लहान पाणसळ एका जागेचे बरोबर सांगते, पण गाडीच्या लांबीइतक्या अंतरासाठी गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी जास्त विश्वासाची. नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला नाही एवढे पाहावे. मग चासीच्या पुढच्या व मागच्या मध्यबिंदूंवरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा कराव्यात आणि त्यांमधून खडूची दोरी मारून मध्यरेषा पक्की करावी. ही रेषा काम संपेपर्यंत पुसू देऊ नये. चासीचे दोन कर्ण मोजावेत. त्यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर अंग चढवण्याआधी चासीच सुधारावी, कारण वाकडी चासी फायबर कापून सरळ होत नाही.

मुख्य अंग चढवताना दोनपेक्षा जास्त माणसे हवीत, वजनामुळे नव्हे, तर अंग पिळले जाऊ नये म्हणून. ते चासीवर ठेवल्यावर आधी एकही बोल्ट न लावता ते कुठे टेकते आणि कुठे अधांतरी राहते हे पाहावे. टेकणाऱ्या जागी बोटाने दाबून डुगडुगते का ते तपासावे आणि अधांतरी असलेल्या प्रत्येक माउंटिंगच्या जागी, फट भरेल एवढ्याच जाडीचे रबर किंवा अॅल्युमिनियमची पॅकिंग घालावी. या टप्प्यावर कुठल्या मापावर भरवसा ठेवायचा हा खरा प्रश्न आहे. अंगाची डावी-उजवी बाजू एकसारखी असेल असे मानून कडेपासून मापे घेऊ नयेत. चाकांचे मध्य चारही कमानींत योग्य ठिकाणी दिसतात का, हा पहिला निकष आणि मध्यरेषा हा दुसरा. दहा-बारा पावले मागे जाऊन, गुडघ्यावर बसून, समोरून व मागून नजरेने पाहावे. कमानीत चाक ५ मिलिमीटर पुढे असले तर ते कोणाच्याही डोळ्यांना लगेच खुपते, पण डावी-उजवीकडे खालच्या कडेच्या उंचीत तेवढाच फरक असला तर सहसा कळत नाही. जिथे तडजोड करायची तिथे न दिसणाऱ्या जागी करावी.

सगळ्या फटी दारावरून ठरतात, म्हणून बॉनेटपासून सुरुवात करू नये. पुढच्या काचेची चौकट आधी, कारण तिचा उतार दाराच्या काचेशी जुळायचा असतो. नंतर दारे, नंतर डिकी, आणि बॉनेट शेवटी. दार लावताना बिजागऱ्या, कुलूप आणि कडेचे रबर बीडिंग हे सगळे बसवूनच फट तपासावी. नव्या रबराचा दाब इतका असतो की रबराशिवाय सुंदर बसलेले दार रबर लावल्यावर मागच्या कडेने बाहेर येते, आणि मग सगळे काम पुन्हा करावे लागते. बिजागरीच्या मागे फायबर असेल तिथे किमान ३ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी थरांमध्ये गाडून किंवा मागून चिकटवून घालावी, नाहीतर दाराचे वजन थोड्याच दिवसांत बिजागरीभोवतीचे फायबर खाली ओढते. दोन बिजागऱ्यांच्या पिनांची रेषा एकच हवी. त्यांतून एक सरळ सळई आरपार जाते का हे पाहणे हीच सोपी परीक्षा.

फट किती ठेवावी? हाताने बनवलेल्या फायबरच्या गाडीत तयार फट ५ मिलिमीटरच्या आसपास असली तर ती व्यवहार्य ठरते, आणि ती सर्वत्र सारखी असणे हे ती लहान असण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. खालून ४ आणि वरून ६ अशी फट डोळ्याला सरळ ६ मिलिमीटरच्या फटीपेक्षा वाईट दिसते. लांबी (खड्डे भरायची पुटी), प्रायमर आणि रंग मिळून प्रत्येक कड पाव ते अर्धा मिलिमीटर जाड होते, म्हणून रंगाआधी फट साधारण ५.५ ते ६ मिलिमीटर ठेवावी. ॲक्रिलिक शीटचे या जाडीचे तुकडे कापून ते फटीत अडकवून ठेवले की दार आपोआप मध्यावर राहते आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

उन्हाचाही हिशोब धरावा लागतो. फायबरग्लास लोखंडाच्या साधारण दुप्पट ते अडीचपट प्रसरण पावते. १.२ मीटर लांब बॉनेट पहाटेपेक्षा भर दुपारी ४० अंशांनी जास्त तापले, तर ते लोखंडी चासीपेक्षा जवळजवळ एक मिलिमीटर अधिक लांबते. गडद रंग असेल तर हे रोज घडणार. म्हणून फटींची शेवटची मापे सकाळी, सावलीत, रात्रभर सगळे एका तापमानाला आल्यावर घ्यावीत, आणि पॅनलच्या बोल्टांची छिद्रे बोल्टापेक्षा मोठी ठेवावीत. ६ मिलिमीटरच्या बोल्टासाठी फायबरमध्ये ८ मिलिमीटरचे छिद्र, खाली रबरी वॉशर आणि त्यावर २५ मिलिमीटर व्यासाचा मोठा वॉशर, अशी रचना ठीक राहते. त्यामुळे पॅनल हलायला जागा मिळते आणि दाब एका बिंदूवर येत नाही. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा नट) वॉशर हाताने फिरणे बंद होईल एवढाच आवळावा.

छिद्र पाडताना जेलकोटच्या बाजूने सुरुवात करावी. चिकटपट्टी लावून, ड्रिल उलटे फिरवत जेलकोटचा थर आधी घासून काढावा आणि मग सरळ फिरवून फायबर भेदावे. आधी ३ मिलिमीटरचे छिद्र, नंतर मोठे. जेलकोटची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते व तो ठिसूळ असतो, म्हणून छिद्राच्या तोंडाला काउंटरसिंकने हलकी उतरती कड द्यावी. कापण्यासाठी ग्राइंडरला डायमंडचे पाते वापरावे, रेषेपासून दोन मिलिमीटर लांबून कापावे आणि उरलेला भाग लाकडी ठोकळ्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर लावून घासत रेषेपर्यंत यावे. नुसत्या हाताने पेपर धरला तर कड लाटांसारखी होते.

कापणे सोपे आहे, वाढवणे कठीण. फट जास्त रुंद असेल तर ती लांबीने भरण्याचा मोह होतो, आणि फायबरच्या गाडीत होणाऱ्या चुकांत हीच बहुधा सर्वांत नेहमीची. साधी लांबी कडेवर टिकत नाही, दार दोनदा जोरात लागले की तुकडा निघतो. कड वाढवायची तर पॅनलची मागची बाजू जाडीच्या बारापट अंतरापर्यंत उतरती घासावी, म्हणजे ३ मिलिमीटर जाडीला सुमारे ३६ मिलिमीटर, पुढून मेण लावलेली पट्टी आधाराला बांधावी, आणि मागून ४५० ग्रॅमच्या मॅटचे थर द्यावेत. असा एक थर अंदाजे एक मिलिमीटर होतो. शेवटची सपाटी काचेचे धागे असलेल्या लांबीने करावी. चिकटवण्याची किंवा थर देण्याची कोणतीही जागा ४० ते ६० नंबरच्या पेपरने खडबडीत करून अॅसिटोनने पुसलेली हवी. पॉलिएस्टरऐवजी इपॉक्सी हे दुसऱ्या प्रकारचे रेझिन वापरणार असाल तर साधी मॅट घेऊ नये. मॅटमधले धागे बांधून ठेवणारा पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीने नाही, म्हणून इपॉक्सीबरोबर विणलेले कापडच घ्यावे.

पिळलेले पॅनल सरळ करता येते. दार कोपऱ्यात ६-७ मिलिमीटर बाहेर असेल तर ते जागेवर लावून, टेकू आणि पाचर देऊन हव्या त्या आकारापेक्षा किंचित जास्त आत आणावे, हॉट एअर गनने मागून सावकाश ऊब द्यावी, आणि थंड होईपर्यंत तसेच ठेवावे. साध्या पॉलिएस्टरचे फायबर ६०-७० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, त्यामुळे गन एका जागी धरून जेलकोट पिवळा होईपर्यंत तापवण्याची गरज नसते. मग टेकू न काढता मागच्या बाजूला बरगडी घालावी. उभ्या चिरलेल्या पीव्हीसी पाइपचा अर्धा भाग किंवा फोमची पट्टी ठेवून तिच्यावर मॅटचे दोन-तीन थर दिले की पुरेसा कडकपणा येतो. जाड थर एकदम दिले तर रेझिन गरम होऊन आकसते आणि समोरच्या चकचकीत रंगावर बरगडीची रेषा उमटते, म्हणून एका वेळी एकच थर द्यावा.

हार्डनरचे प्रमाण रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के असते. कडक उन्हाळ्यात १ टक्क्याच्या जवळ राहावे, नाहीतर डब्यातच रेझिन गोठते. इथे एका धोक्याबाबत हयगय चालत नाही. हार्डनर आणि कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा द्रव) हे दोन पदार्थ कधीही एकमेकांत थेट मिसळू नयेत, त्यांचा स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधीच मिसळलेले रेझिन विकत घेणे सर्वांत बरे, नाहीतर कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून झाल्यावरच हार्डनर घालावा. हार्डनर डोळ्यांत गेला तर कायमचे नुकसान होऊ शकते, त्यामुळे चष्मा हवाच. स्टायरीनच्या वासासाठी रासायनिक कार्ट्रिजचा मास्क लागतो, कापडी मास्क चालत नाही. घासताना मात्र धुळीचा मास्क आणि पूर्ण बाह्या असाव्यात. अंगाला खाज सुटली तर आधी थंड पाण्याने धुवावे, चोळू नये.

दोन पॅनल चिकटवून जोडायची असतील तर पॉलियुरेथेनचा थर ३ मिलिमीटर जाड राहील असे तुकडे मध्ये ठेवावेत. पॅनल दाबून पातळ केलेला थर ताण सोसत नाही. खिळे, रिव्हेट आणि बोल्ट निवडताना खाऱ्या हवेचा विचार सर्वांत आधी करावा. साधा जस्ताचा मुलामा दिलेला बोल्ट किनाऱ्याजवळ लवकर गंजतो आणि रंगावर तांबूस ओघळ सोडतो. ३१६ दर्जाचे स्टेनलेस घ्यावे, पण ते अॅल्युमिनियमच्या पट्टीला थेट टेकू देऊ नये. मिठाच्या ओलाव्यात अॅल्युमिनियम झिजते, मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा रबर हवे. स्टेनलेस बोल्टाला स्टेनलेस नायलॉक नट कोरडाच पटकन फिरवला तर आटे अडकून बसतात, म्हणून आट्यांना जॅम न होणारे ग्रीस लावून नट सावकाश फिरवावा.

सगळी पॅनल जुळली की गाडी चाकांवर उतरवावी, इंजिन, बॅटरी आणि अर्धी टाकी भरलेली असावी, आणि पुढच्या आसनांवर दोन माणसे बसवून दारे पुन्हा उघडून-बंद करून पाहावीत. स्टँडवर सरळ असलेली चासी वजनाखाली थोडी वाकते आणि दाराच्या मागच्या वरच्या कोपऱ्यात ते प्रथम दिसते. तिथे फट जास्तीत जास्त एक मिलिमीटरने कमी झाली तर बिजागरीची पॅकिंग बदलून भागवावे. त्याहून जास्त असेल तर दाराखालच्या चासीला आधार देणे भाग आहे. मग पॅनलच्या जागा आतून मार्करने खुणावून, पॅकिंग कुठली किती जाडीची हे चिकटपट्टीवर लिहून, सगळे पुन्हा उतरवावे. कापलेल्या आणि छिद्रांच्या सगळ्या कडांना रेझिनचा एक हात द्यावा, कारण उघड्या धाग्यांतून पाणी आत शिरते. दाराच्या तळाशी सर्वांत खालच्या जागी ८ मिलिमीटरची दोन पाणी जाण्याची छिद्रे ठेवावीत आणि रंगकाम संपल्यावर ती बुजलेली नाहीत हे तारेने तपासावे.